टेलरबाईंचं कललेलं झाड आणि आमचे हे

चार दिवस, हो! एका झाडाकडे नुसतं बघायला चार दिवस! पाडायला नाही म्हणत मी, बघायला! असं काय लागून गेलंय त्या झाडाला? नाकीडोळी नीटस आहे म्हणावं तर तेही नाही. टेलरबाईंच्या परसातलं ते झाड, एका अंगावर कललेलं, जसं काही भिंतीपलीकडचं बोलणं ऐकायला वाकलंय. मुळं एका बाजूनं उचललेली, फांद्यांचा सगळा भार गल्लीवर. आणि आमचे हे त्याच्याभोवती फिरतायत... इकडून बघ, तिकडून बघ, उकिडवं बसून बघ, एक डोळा मिटून बघ! मला बघायला आले होते तेव्हा अकरा मिनिटांत उठले होते. चहासुद्धा अर्धा ठेवून! पण मी काही बोलले का? एक अक्षर नाही.

आता तुम्हाला सांगते, आमचे हे झाडं पाडतात. धंदाच तो. मशीनची करवत घेऊन जायचं, कुणाच्या छपरावर आलेलं, कुणाच्या तारांवर आलेलं, पोखरलेलं, वाळलेलं झाड म्हणाल त्या बाजूला आडवं करायचं आणि संध्याकाळी घरी. बावीस वर्षं झाली. घरात जिथं हात घालावा तिथं भुसा. खिशात भुसा, भुवयांत भुसा, उशीला करवतीच्या साखळीच्या तेलाचा वास. जेवायच्या टेबलावर कानशीनं त्या साखळीचे दात घासत बसतात, एकेक दात, मायेनं! माझा दात दुखत होता तेव्हा म्हणाले, "लवंग धर." तरी मी काही बोलले का? नाही बोलले. धरली लवंग.

आणि घरी आल्यावर काय बोलतात म्हणाल, तर ऐका.
"कसं होतं झाड?"
"होतं."
"मोठं होतं?"
"होतं मोठं."
"अवघड होतं?"
"पाणी दे."
झालं! बावीस वर्षांचा संसार एवढ्यात बसतो. मी समजून घेतलं होतं, की माणूस अबोल आहे, दिवसभर मशीनच्या आवाजात असतो, बोलायची सवय मोडली असेल. अहो, चांगला नवरा आहे, दारू नाही, तंबाखू नाही, बोलणं नाही... तीन व्यसनं नाहीत, असं मी माहेरी सांगायचे!

आणि मग मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले.

आमच्या गच्चीवरून टेलरबाईंचं परस दिसतं. अगदी समोर नाही दिसत, जरा टाकीवर चढावं लागतं. तर मी चढले, आणि काय बघते? हे बोलतायत! आमचे हे! हात हलवून, मान हलवून, मध्येच हसूनसुद्धा! आणि टेलरबाई खिडकीत कोपर टेकून ऐकतायत, जसा काही रेडिओ लागलाय. मी खाली आले. वाळलेले कपडे पुन्हा भिजवले, पिळले, पुन्हा वर गेले. अजून बोलतायत! त्या दिवशी मी एकच चादर चार वेळा वाळत घातली.

खाली आले तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या. त्यांना दात नाहीत, पण बोलणं कसं चावरं! "काय गं, ऊन फार लागलं का? तोंड लाल झालंय." म्हटलं, "तसं काही नाही." म्हणतात, "नाही, मी आपलं विचारलं. दोन दिवस झाले ना त्या झाडाला? त्याचे वडील अर्ध्या तासात पाडायचे हो. पण त्यांना कुणी खिडकीतून चहा देत नसे." मी म्हटलं, "आई, त्या यांना दादा म्हणतात." तर म्हणतात, "म्हणू दे की. बसच्या कंडक्टरलासुद्धा दादाच म्हणतात. उतरायचं तिथंच उतरतात ना माणसं? मी आपलं सांगितलं. मला काय!" आणि डोळे मिटून घेतले. आग लावायची आणि वर झोपायचं, ही कला आहे बरं का, सगळ्यांना नाही जमत.

आता तुम्ही म्हणाल, टेलरबाई कशा आहेत? चांगल्या आहेत हो, तेच तर दुखणं आहे! वाईट असत्या तर मला किती सोपं गेलं असतं. नवरा जहाजावर, सहा सहा महिने येत नाही. बाई एकटी दुकान चालवते, शिलाई सरळ, वेळेवर देते, उरलेल्या कापडाची पिशवी शिवून देते, तीही फुकट. अशा बाईचा मत्सर करायचा तर किती कष्ट पडतात, तुम्हाला नाही कळायचं.

दुसऱ्या... नाही, तिसऱ्या दिवशी मी गेलेच. उशीचा अभ्रा उसवलाय म्हणून. उसवला नव्हता, मी उसवला. गेले तर टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या, ओठांत एका रांगेत. त्या बोलतात कशा, "म्म, या म्म वहिनी, म्म बसा, दादा म्म सांगत होते..." आणि दादा! दादा त्यांच्या कापायच्या टेबलापाशी उभे, हातात त्यांचं कापड, त्यांची कात्री, आणि मला पाठमोरे. मी आले हे कळलंसुद्धा नाही! मी आपली दाराशी कपड्यांच्या ढिगामागे उभी राहून ऐकतेय.

म्हणतात, "लोकांना वाटतं कललेलं झाड सोपं. जिकडे कललंय तिकडेच पाडायचं, त्यात काय? पण तेच घात करतं. हे बघा, कापड असं ताणून धरलं आणि कात्रीचं नुसतं टोक लावलं, की काय होतं?" आणि टर्रर्रकन फाडलं की हो कापड! कुणाच्या तरी शर्टाची पाठ होती ती. टेलरबाई एक शब्द बोलल्या नाहीत! मी घरात एक कप फोडला तर काय होईल ते राहू दे. "तसंच झाडाचं. कललेल्या झाडाची पाठ ताणलेली असते. मागून नेहमीसारखं कापत गेलं की अर्ध्यात ते उभं फाटतं, वरपर्यंत, आणि फाटलेला अर्धा बुंधा मागं उसळतो. कापणाऱ्याच्या तोंडावर."
"म्म अगं बाई! मग?"
"मग पुढं खाच घ्यायची, उथळ. आणि मागून कापायचंच नाही. मशीनचं पातं पोटातून आरपार घालायचं. पुढं खाचेपाशी लाकडाची एक पट्टी ठेवायची, दाराच्या बिजागरीसारखी, झाड तिच्यावर वळतं. आणि मागं चार बोटांचा पट्टा ठेवायचा. झाडाचं पोट कापलेलं, पण मागून पट्ट्यानं धरून ठेवलेलं. मग आपण श्वास घ्यायचा, मागं बघायचं, आणि शेवटी तेवढा पट्टा तोडायचा. तोडला की झाड गेलं."

मी ऐकतच राहिले. बाई बाई बाई! एवढं बोलता येतं यांना? एवढी उपमा देऊन? शेवटी मला बघितलं, तर तोंड असं मिटलं जसं दुकानाचं शटर! "तू का आलीस?" म्हटलं, "अभ्रा." म्हणाले, "बरं." बघा! तिला बिजागरी, तिला पट्टा, तिला कापड फाडून दाखवणं, आणि मला "बरं"! पण मी काही बोलले का? एक अक्षर नाही. अभ्रा ठेवला आणि आले.

घरी येऊन देवापुढे बसले. मी आपली नेमधर्माची बाई. हे अवघड कामाला निघाले की मी देवाला काहीतरी बोलते, हे धडधाकट परत आले की ते पाळते. कुणी नवरा कामाला गेला की टीव्ही लावतं, मी दिवा लावते. त्या दिवशी हात जोडले खरे, पण काय मागावं तेच कळेना. यांना सांभाळ म्हणावं, तर यांना सांभाळायला तिकडे चहा, कात्री सगळं आहे! शेवटी म्हटलं, देवा, एकदाचं ते झाड पडू दे, मी दूध सोडते. देवानं काही उत्तर दिलं नाही. तोही आमच्या यांच्यासारखाच, कमी बोलतो.

चौथा दिवस संपला आणि पाचव्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "आज पाडतोय." एरवी मी कधी कामावर जात नाही. बावीस वर्षांत एकही झाड पडताना बघितलेलं नाही, कारण त्या वेळेला मी देवापुढे असते ना! पण त्या दिवशी म्हटलं, देवा, तू बस जरा एकटा, मी आलेच. जेवणाचा डबा भरला आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी यांनी दोरी बांधून माणसं थांबवलेली. मी कशाला थांबते? मी घरची! टेलरबाईंच्या दुकानातून शिरले आणि मागच्या दारानं परसात उतरले. टेलरबाई कुठल्याशा गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होत्या, "म्म, शर्टाची पाठ जरा फाटली हो..."

परसात येते तर काय दिसावं? झाडाच्या बुंध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, तिरकी, एक वाट केलेली! दहा-बारा पावलांची. विटा बाजूला, बादल्या बाजूला, जुनी पत्र्याची टाकी बाजूला, पाला सगळा झाडून घेतलेला. झाडून! केरसुणीनं! ती केरसुणी भिंतीला टेकवून ठेवलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली! अहो, या माणसानं बावीस वर्षांत घरात स्वतःची बशी उचलली नाही. पायाखाली वर्तमानपत्र आलं तर त्याच्यावरून चालतात! आणि इथं कशी लख्ख वाट, शेवटी भिंतीशी सावलीची छान जागा, माणूस ऐटीत बसून बघेल अशी. आता ही जागा कुणासाठी केली असेल, सांगा? मला सांगायला लागू नका, मला तेव्हाच कळलं. म्हटलं, असं काय? तिनं बसून बघायचं होय? तर मग बसायचं झालं तर मीच बसेन! दुकानातलं शिलाईचं स्टूल आणलं, वाटेच्या मधोमध मांडलं, आणि मांडीवर डबा घेऊन बसले. अशी बसले, जशी लग्नात वरमाय.

हे पाठमोरे. डोक्यावर हेल्मेट, कानावर ती मोठी झाकणं, मशीन चालू. पुढची खाच घेऊन झाली होती. मग पातं पोटात घातलं... भुसा कसा कारंज्यासारखा! खरं सांगते, मला राग विसरायला झालं. हात असे स्थिर धरलेले, खांदे घट्ट, त्या एवढ्या मोठ्या झाडापुढं माझा नवरा केवढासा दिसत होता! पातं बाहेर आलं. आता झाड पुढं पट्टीवर आणि मागं चार बोटांच्या पट्ट्यावर, मध्ये आरपार उजेड. हे मागच्या बाजूला आले. श्वास घेतला. आणि मागं वळून बघितलं.

मी हात केला.

मशीन बंद झालं. तुम्हाला सांगते, एवढी शांतता मी आमच्या घरातसुद्धा ऐकलेली नाही. झाड फक्त कुरकुरतंय... कर्र... कर्र... यांनी कानाची झाकणं काढली, हेल्मेटची जाळी वर केली, तोंड पांढरं फटक. सावकाश चालत माझ्यापर्यंत आले.
"अगं, ऊठ."
"का म्हणून?"
"ही माझी पळायची वाट आहे."
"पळायची?" मी म्हटलं, "कोणाबरोबर?"

खिडकीत टेलरबाई! त्यांच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या सगळ्या खिडकीत, मी आवाज ऐकला. दोरीपलीकडून कुणीतरी हसलं. हे म्हणाले, "अगं वेडे, पट्टा तोडला की झाड क्षणात जातं, बुंधा कुठं उसळेल सांगता येत नाही. मशीन टाकून या वाटेनं मागं पळायचं असतं. तू इथं बसलीस तर मी पळू कुठं? तुझ्या डब्यात?"

मी उठणारच होते हो, देवाशपथ उठणार होते! पण तेवढ्यात टेलरबाई खिडकीतून कळवळून म्हणाल्या, पहिल्यांदाच टाचण्यांशिवाय, स्वच्छ: "वहिनी, उठा ना! चार दिवस त्यांना त्या झाडाची धास्ती वाटतेय. हात कापतो म्हणाले. तुम्हाला सांगू नका म्हणाले!"

झालं. बसले मी पुन्हा. धास्ती? यांना? भीती माझ्या घरातली, माझ्या नवऱ्याची, आणि ती जाऊन ठेवली कुणाच्या कपाटात, तर टेलरबाईंच्या! अहो, हसणं तिला दिलं, बोलणं तिला दिलं, ते मी सोसलं. पण भीती? भीती तर माणूस घरी आणतो ना हो? म्हटलं, "मी उठत नाही. आधी सांगा, तिला का सांगितलंत? मला का नाही?" आणि मागं झाड, कर्र... कर्र...
"अगं, चार बोटांवर झाड उभंय!"
"राहू दे उभं. मी बावीस वर्षं उभी आहे!"

मग हे माझ्यासमोर उकिडवे बसले, झाडापुढं बसतात तसे. हळू म्हणाले, "तुला सांगितलं की तू काहीतरी सोडतेस. दवाखान्यासमोरचं झाड पाडलं, तू साखर सोडलीस. तळ्यावरचं पाडलं, लोणी गेलं. शाळेच्या छपरावरचं सांगितलं, तर उन्हाळाभर अनवाणी चाललीस, पायाला फोड. मागच्या वर्षी तारेवरचं सांगितलं आणि तू गादी सोडलीस. तू खाली फरशीवर, मी वर गादीवर. मला झोप लागेल का? वर्ष झालं, रात्रभर तुझी कूस बदललेली ऐकतो. झोप नाही म्हणून हात कापतो. हिला सांगितलं, कारण ही ऐकते, 'अगं बाई' म्हणते आणि जेवते!"

म्हणजे मी ज्यांच्यासाठी फरशीवर पडत होते, त्यांचा हात माझ्याच फरशीपायी कापत होता! देवाला मी म्हणत होते यांना सांभाळ, आणि देव वरून म्हणत असणार, बाई, तू आधी गादीवर जा! आणि वेडी मी, मत्सर केला टेलरबाईंचा. हातात डबा तसाच. डोळ्यांना धार लागली, पण म्हटलं, इथं रडायचं नाही, खिडकीतून बघतेय ती.
"आता काही सोडणार नाहीस?"
"नाही."
"बोल."
"नाही सोडणार. पण तुम्ही सांगायचं. सगळं. भीतीसुद्धा."
"सांगीन."
मी उठले. स्टूल उचललं, डबा उचलला, दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. टेलरबाईंनी माझा हात धरला. मी धरू दिला. गार पडला होता तिचाही.

हे परत गेले. पुन्हा मागं वळून वाट बघितली, मोकळी. मशीन सुरू झालं. पट्ट्याला पातं लागलं मात्र, कडाड असा आवाज झाला, हे मशीन टाकून पळाले, ते एवढं झाड गल्लीत असं झोपलं की गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरली! बुंधा एकदा हवेत उसळला, मागं सरकला, आणि दाणकन पडला, हे दोन क्षण आधी जिथं उभे होते तिथं. हे मात्र माझ्या स्टुलाच्या जागेपलीकडे, भिंतीशी, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत. मी ती वाट बघितली, मग तो बुंधा बघितला. आणि डबा घेऊन गेले. "पोळी गार झाली," एवढंच म्हणाले. "असू दे," हे म्हणाले आणि तिथंच बसून जेवले.

त्या रात्रीपासून मी गादीवर झोपते, चहात साखर घालते, देवापुढे दिवा लावते, पण देणंघेणं बंद! आणि हे सांगतात. शब्दाचे पक्के! संध्याकाळी आले की पाणी नंतर, आधी झाड. "आजचं मुळाशी पोकळ निघालं. हात घातला तर कोपरापर्यंत गेला!" म्हणतात. "उद्याचं दोन्ही अंगांनी कललंय, दोर लावावा लागेल, दोर तुटला तर..." म्हणतात. "परवाच्या झाडावर वरती एक सुकी फांदी लोंबकळतेय, मशीन सुरू केलं की नेमकी डोक्यात!" म्हणतात आणि पोळी मोडतात. मी ऐकते. आणि सोडायचं काही नाही! वचन दिलंय ना! पूर्वी कसं, साखर सोडली की छातीवरचा धोंडा उतरायचा. आता धोंडा आणि साखर, दोन्ही पोटात! यांना मात्र आता काय झोप लागते म्हणता! सगळं मला सांगून मोकळे होतात आणि आठ वाजता घोरतात. हात कसा, दगडासारखा स्थिर. आणि मी छताकडे बघत मोजतेय, चार बोटं पट्टा, दहा पावलं वाट, एक सुकी फांदी...

काल तर कहर झाला. जेवता जेवता म्हणाले, "अगं, एक काम आलंय. विहिरीवर कललेलं झाड आहे. सांगू?" डोळे असे चमकत होते! मी घास खाली ठेवला, हात जोडले, म्हटलं, "अहो, ऐका ना... जरा टेलरबाईंकडे जाऊन सांगून या. सावकाश या. घाई नाही मला."